पावसाळा आला की ब्लँक पिवळा: फॉस्फेटेज चाचणीतली दरवर्षीची अडचण आणि तिचा माग

"मॅडम, ब्लँक परत पिवळा आलाय की." शेजारच्या टेबलावरून दुसरी कन्नडमध्ये तेच म्हणते, "हळदी आगैत्री मॅडम." ब्लँक म्हणजे माती न घातलेली नळी, ती रंगहीनच यायला हवी. जुलै लागला की आमच्या लॅबमध्ये दोन्ही भाषांतून ही एकच तक्रार ऐकू यायची. सलग तीन वर्षं असं झालं. फेब्रुवारीत जी चाचणी सरळ यायची, तीच पावसाळ्यात बिघडायची. आम्ही नवं सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं तो पदार्थ) मागवायचो, महिनाभर बरं चालायचं, आणि पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कॉलेजांत मातीच्या तपासणीचे प्रोजेक्ट बरेच होतात, त्यामुळे ही अडचण आमच्या एकट्यांची नसणार. आम्हाला जे सापडलं ते सविस्तर लिहून ठेवते.

आधी चाचणी कोणती ते सांगते. मातीतल्या फॉस्फेटेज एन्झाइमची क्रियाशीलता मोजायला आम्ही पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट वापरतो. लॅबमध्ये सगळे त्याला पीएनपीपी म्हणतात. हा पदार्थ स्वतः रंगहीन. एन्झाइमने त्यातला फॉस्फेट तोडला की पॅरा-नायट्रोफिनॉल, म्हणजे पीएनपी, मोकळा होतो आणि अल्कलीत तो पिवळाधमक दिसतो. पिवळा जितका गडद तितकं एन्झाइमचं काम जास्त. मातीसाठी ही पद्धत ताबाताबाई आणि ब्रेमनर यांनी १९६९ साली मांडली आणि थोड्याफार फरकाने अजून तीच चालते. १ ग्रॅम माती, ०.२ मिली टोल्युइन, ४ मिली बफर (पीएच ठरावीक ठेवणारं द्रावण), १ मिली सबस्ट्रेट. ३७ अंशाला एक तास. मग १ मिली ०.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड, ४ मिली ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, गाळायचं आणि ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या दरम्यान रीडिंग, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते, घ्यायचं. आम्ही ४०५ ला घेतो. आम्लधर्मी फॉस्फेटेजसाठी बफरचा पीएच ६.५, अल्कलीधर्मीसाठी ११.

ब्लँक पिवळा आला की पोरांचा पहिला संशय सोडियम हायड्रॉक्साइडवर जातो, कारण डोळ्यांदेखत तेच घडतं. नळी स्वच्छ असते, हायड्रॉक्साइड पडतं आणि नळी पिवळी होते. पहिल्या वर्षी मीसुद्धा तेच धरून चालले आणि हायड्रॉक्साइडची नवी बाटली फोडली. काहीही फरक पडला नाही.

खरं कारण समजायला कुंकवाचं उदाहरण पुरेसं आहे. हळदीला चुना लावला की ती लाल होते. लाल रंग चुन्याने आणलेला नसतो, हळदीतच तो गुण असतो, चुना फक्त तो दाखवतो. पीएनपीचंही तसंच. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू पिवळ्या रूपात असतात तो आकडा, ७.१५ च्या आसपास आहे. पीएच ६.५ च्या बफरमध्ये पीएनपीच्या शंभर रेणूंपैकी अठराच्या आसपास रेणू पिवळ्या रूपात असतात, बाकीचे रंगहीन. पीएच ५ ला तर शंभरातला एकही धड पिवळा नसतो. हायड्रॉक्साइड पडलं की सगळेच पिवळे होतात, म्हणजे ६.५ च्या बाटलीत जेवढा पिवळा दिसत होता त्याच्या पाचपट. याचा अर्थ असा की सबस्ट्रेटच्या बाटलीत आधीच तुटलेला माल भरपूर असू शकतो आणि बाटली उजेडात धरून पाहिली तरी त्यातला जेमतेम पाचवा हिस्साच डोळ्यांना दिसतो.

म्हणून आता आमच्याकडे बाटलीकडे नुसतं बघून कोणी "सबस्ट्रेट चांगलं आहे" म्हणत नाही. एका नळीत १ मिली सबस्ट्रेट, त्यात हायड्रॉक्साइडचे चार थेंब, आणि नळीमागे पांढरा कागद. अर्ध्या मिनिटात कळतं. मी नव्या पोरांना सगळ्यात आधी हेच शिकवते.

आता थोडा हिशेब, कारण तो केल्याशिवाय ही चाचणी किती नाजूक आहे ते लक्षात येत नाही. आमचं सबस्ट्रेट ०.०५ मोलर. त्यातलं १ मिली शेवटी साधारण १० मिलीत जातं, म्हणजे नळीत ते ५ मिलिमोलर उरतं. पीएनपीचा मोलर शोषणांक (एक मोलर द्रावण एका सेंटिमीटरमध्ये किती प्रकाश शोषेल तो आकडा) ४०५ नॅनोमीटरला अल्कलीत १८,००० च्या आसपास आहे. शंभरातला एकच रेणू आधी तुटलेला असेल तर पीएनपी ५० मायक्रोमोलर होतो आणि एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (रीडिंग घ्यायच्या चौकोनी नळीत) रीडिंग येतं ०.९. ठरावीक पीएनपी घेऊन काढलेल्या आमच्या प्रमाण आलेखातला सगळ्यात वरचा बिंदू ५० मायक्रोग्रॅम पीएनपीचा, त्याचं रीडिंग ०.६५ च्या आसपास येतं. म्हणजे सबस्ट्रेट ९९ टक्के शाबूत असलं तरी ब्लँक आलेखाच्या बाहेर. हजारात एक रेणू तुटला असेल तर ०.०९, ते चालून जातं.

पहिल्या जुलैत आमचा ब्लँक ०.३१ होता. या हिशेबाने हजारात तीन-साडेतीन रेणू. बाटलीकडे नुसतं बघून हे पकडणं सोपं नव्हतं.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. ब्लँक पिवळा आला तर तो वजा करून पुढे जाऊ नका. "वजाच तर करायचाय, आला तर आला" हे मी मोठमोठ्या लोकांकडून ऐकलं आहे. मातीचं रीडिंग ०.६२ आणि कंट्रोलचं (त्याच मातीची तुलनेची नळी, जिच्यात सबस्ट्रेट शेवटी पडतं) ०.५५ असेल तर उरतात ०.०७. दोन्हीकडे पिपेटची जराशी चूक झाली तरी त्या ०.०७ चे ०.०२ होतात किंवा ०.१२ होतात. उणे रीडिंग येतात तीही बहुतेक याच वाटेने. आमच्या एका विद्यार्थिनीने जांबोटीकडच्या तांबड्या मातीत फॉस्फेटेज जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष काढून अहवाल लिहिला होता. माती जंगलाकडेची, पालापाचोळा कुजलेली. तिच्यात एन्झाइम नसेल यावर माझा विश्वासच बसेना. स्वच्छ सबस्ट्रेटने परत केलं तेव्हा तिच्या सगळ्या नमुन्यांत सर्वांत जास्त क्रियाशीलता त्याच मातीची निघाली. पोरीने दोन महिने घातले होते त्यात.

पिवळा कुठून येतो ते शोधायला आम्ही मातीशिवाय चार नळ्या लावतो. चारही नळ्या गाळूनच वाचायच्या, कारण कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड एकत्र आले की थोडा गढूळपणा येतो आणि तो रीडिंगमध्ये मिसळतो.

पहिल्या नळीत सबस्ट्रेट नाहीच. ५ मिली बफर, कॅल्शियम क्लोराइड, हायड्रॉक्साइड. इथे रीडिंग आलं तर सबस्ट्रेट निर्दोष आहे. बफर, रसायनं, काच किंवा गाळणकागद बघा. आमच्याकडे ही नळी आजवर एकदाच दोषी निघाली, तेव्हा क्युव्हेट नीट धुतलेली नव्हती.

दुसऱ्या नळीत आधी बफर, कॅल्शियम क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड, आणि सगळ्यात शेवटी सबस्ट्रेट. लगेच गाळून वाचायची. इथे पिवळा दिसला तर तो बाटलीतूनच आलेला आहे.

तिसरी नळी नेहमीसारखी: बफर, सबस्ट्रेट, टोल्युइन, ३७ अंशाला एक तास, मग कॅल्शियम क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड घालून थांबवायची. दुसरी स्वच्छ आणि तिसरी पिवळी असेल तर त्या तासाभरात कोणीतरी सबस्ट्रेट तोडतंय. माती नसताना तोडणारं कोण? पाण्यातले किंवा बफरमधले जिवाणू, त्यांनी सोडलेलं एन्झाइम, किंवा नीट न धुतलेल्या नळीला चिकटलेली मागच्या बॅचची माती.

चौथी नळी तिसरीसारखीच, फक्त बफर ताज्या, दहा मिनिटं उकळून थंड केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्याने केलेलं आणि नळी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेली. चौथी स्वच्छ आणि तिसरी पिवळी निघाली की दोष पाण्यात, जुन्या बफरमध्ये किंवा नळीत.

आमच्या तीन वर्षांत दुसरी आणि तिसरी, दोन्ही नळ्या दोषी निघाल्या. एकच कारण असेल असं धरून मी शोधत होते, म्हणून इतका वेळ गेला.

दुसऱ्या नळीचं कारण एका सकाळी हातातच सापडलं. आमच्या लॅबचे अण्णा फ्रीझरमधून पीएनपीपीची बाटली काढून थेट वजनकाट्याकडे निघाले होते. बाहेर धो-धो पाऊस, खिडक्यांच्या काचा आतून ओलसर. दहा पावलं चालेपर्यंत बाटलीवर दव धरलं, त्यांनी ती शर्टाला पुसली आणि झाकण उघडलं. मी आत डोकावले तर जी पूड फेब्रुवारीत भुरभुरीत होती तिचे पावसाळ्यातल्या मिठासारखे खडे झाले होते. उणे २० अंशावरून आलेली बाटली ओल्या हवेत उघडली की बाहेरची वाफ थेट पुडीवर जमते. दर वेळी थोडं पाणी आत जातं, तसंच फ्रीझरमध्ये परत जातं, आणि लाईट गेली की वितळून पुडीत मुरतं. ओलसर पूड कोरड्या पुडीपेक्षा लवकर तुटते. शिवाय वजनही खोटं येतं, कारण काट्यावर पाणीही चढलेलं असतं. उन्हाळ्यात बेळगावची हवा कोरडी, म्हणून तेव्हा हे होत नव्हतं. "फक्त जुलैतच का" याचं उत्तर एवढंच होतं.

आता बाटली आली की त्याच दिवशी, शक्यतो कोरड्या हवेत, ती छोट्या छोट्या कुप्यांत वाटून टाकतो. एका कुपीत एका बॅचपुरती पूड. कुप्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलचे निळे खडे. खडे गुलाबी झाले की भट्टीत तापवून परत निळे करायचे. वापरायच्या दिवशी कुपी न उघडता तासभर बाहेर ठेवायची, खोलीच्या तापमानाला आली की मगच झाकण फिरवायचं. ही तासाभराची वाट बघणं अण्णांना सुरुवातीला जड गेलं, आता तेच पोरांना हात लावू देत नाहीत.

तिसऱ्या नळीचं कारण जास्त चिवट होतं. नुसत्या स्वच्छ पाण्यात पीएनपीपी फार हळू तुटतं. तुम्ही केलेलं द्रावण एका दिवसात पिवळं पडत असेल तर रसायनाला दोष देण्याआधी त्यात कोण राहायला आलंय ते बघा. आमच्याकडे द्रावण एकाच बाटलीत दोन-तीन आठवडे चालायचं आणि तिच्यात जो तो पिपेट बुडवायचा. माती हाताळलेल्या हातांनी टिप बसवायची, तीच टिप बाटलीत. मातीच्या एका कणात किती जिवाणू असतात ते वेगळं सांगायला नको, आणि प्रत्येकाकडे स्वतःचं फॉस्फेटेज आहे. बफरचंही तसंच. आम्ही वापरतो त्या मॉडिफाइड युनिव्हर्सल बफरमध्ये ट्रिस, मॅलेइक आम्ल, सायट्रिक आम्ल आणि बोरिक आम्ल असतं. पीएच ११ चं बफर बराच काळ स्वच्छ राहतं. ६.५ च्या बफरमध्ये मात्र सायट्रिक आम्लावर बुरशी पोसते. तळाशी कापसाच्या तंतूसारखं काही तरंगताना दिसलं तर बाटली ओतून टाका, गाळून वापरू नका. बुरशी गाळली जाते, तिचं एन्झाइम खाली उतरतं. डिस्टिल्ड वॉटरचा प्लास्टिकचा कॅनही आतून बोट फिरवून बघा. आमचा बुळबुळीत लागला.

आता द्रावण बॅचच्या सकाळीच करतो. उरलं तर ५-५ मिलीच्या नळ्यांत गोठवतो आणि एकदा वितळलेली नळी परत गोठवत नाही. बाटली गडद काचेची, नाहीतर वरून फॉइल. ग्लोव्ह्ज घालायचे, आणि मूळ बाटलीत पिपेट कधीच बुडवायचं नाही, लागेल तेवढं बीकरमध्ये ओतून घ्यायचं.

दुधावर काम करणाऱ्यांसाठी एक टीप. पाश्चरायझेशन नीट झालं का हे तपासायलाही हेच सबस्ट्रेट वापरतात. अशाफेनबर्ग आणि मलेन यांची ती पद्धत १९४९ पासूनची. ६३ अंशाला ३० मिनिटं किंवा ७२ अंशाला १५ सेकंद तापवलेल्या दुधात अल्कलीधर्मी फॉस्फेटेज उरत नाही, म्हणून पिवळा येत नाही. तिथे सबस्ट्रेट कार्बोनेट-बायकार्बोनेट बफरमध्ये असतं, पीएच १० च्या आसपास, त्यामुळे तुटलेला माल बाटलीतच पिवळा दिसतो, लपत नाही. आमची फसगत झाली ती ६.५ च्या बफरमुळे. दुधात ब्लँक लावायचा तो उकळलेल्या दुधाचा, तोही त्याच नमुन्यातल्या.

ब्लँक स्वच्छ आणि तरी रीडिंग विचित्र, असंही होतं. अथणी-रायबागकडची काळी माती आली की आमच्याकडे हा दुसरा गोंधळ सुरू व्हायचा. चिकणमातीचे बारीक कण गाळणकागदातून उतरतात, खाली आलेलं द्रावण पिवळ्याऐवजी मळकट दिसतं. कॅल्शियम क्लोराइड घालायचं ते याचसाठी: ते चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतं आणि हायड्रॉक्साइडमुळे ह्युमस (कुजलेल्या पालापाचोळ्याचा काळपट अंश) सुटून येण्याचं प्रमाण कमी करतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कॅल्शियम क्लोराइड, हलवा, मग हायड्रॉक्साइड. घाईत उलटं झालं की गढूळ आलंच समजा. खात्री करायची तर तीच क्युव्हेट ६६० नॅनोमीटरला वाचा. पीएनपी तिथे काहीच शोषत नाही, त्यामुळे तिथे रीडिंग आलं तर तो गढूळपणा किंवा ह्युमस, रंग नव्हे. परत गाळा. चुनखडी जास्त असलेल्या मातीचं गाळलेलं द्रावण उघडं ठेवू नका, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते दुधाळ होतं.

मळी किंवा शेणखत भरपूर घातलेल्या उसाच्या फडातली माती तपकिरी रंग सोडते. त्यासाठी प्रत्येक मातीचा स्वतःचा कंट्रोल हवा, ज्यात सबस्ट्रेट हायड्रॉक्साइडनंतर, गाळण्याच्या अगदी आधी घालतात. दहा मातींना मिळून एकच कंट्रोल लावणं ही सर्रास होणारी काटकसर आहे आणि ती अजिबात करू नये. जांबोटीची माती आणि अथणीची माती हायड्रॉक्साइडमध्ये सारखा रंग सोडणार नाहीत.

एका बॅचला सगळ्या क्युव्हेट दुधाळ झाल्या होत्या. ब्लँकच्याही. धुतल्या तरी जाईनात. कारण टोल्युइन. स्वस्तातल्या पारदर्शक डिस्पोजेबल क्युव्हेट पॉलिस्टायरीनच्या असतात आणि पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळतं. गाळलेल्या द्रावणावर टोल्युइनची तवंगासारखी पातळ थर राहिली तरी पुरे. काचेची क्युव्हेट वापरा आणि पिपेट तवंगाच्या खाली नेऊन द्रावण घ्या. टोल्युइनचं सगळं काम फ्यूम हूडमध्ये.

वजनाबद्दल थोडक्यात. पीएनपीपीचं डायसोडियम मीठ सहा पाण्यांचं असेल तर रेणुभार ३७१.१, बिनपाण्याचं असेल तर २६३.०५. ०.०५ मोलरच्या १०० मिलीला पहिल्याचं १.८५६ ग्रॅम लागतं, दुसऱ्याचं १.३१५. बाटली बदलली की लेबल परत वाचा. पाठ झालेला आकडा वापरू नका. आमच्या जुन्या वहीत एकच आकडा होता आणि तो पाच वर्षं तसाच उतरवला जात होता.

उलट तक्रार, म्हणजे रंगच कमी येतो, ही वेगळी. फॉस्फेट असलेल्या डिटर्जंटने काचसामान धुतलं तर ते एन्झाइमला अडवतं. डीएपी नुकतंच पडलेल्या शेतातल्या मातीतही क्रियाशीलता कमी येऊ शकते, आणि ती लॅबची चूक नव्हे. नमुना घेताना शेतकऱ्याला खत कधी घातलं ते विचारून पिशवीवर लिहा.

ग्लुकोसिडेज किंवा सल्फेटेजसाठी पॅरा-नायट्रोफिनाइलचीच दुसरी सबस्ट्रेट वापरत असाल तर शेवटी मोकळा होतो तो पीएनपीच, त्यामुळे चार नळ्यांची तपासणी तशीच लागू पडते. बफर आणि थांबवायचं द्रावण मात्र त्या त्या पद्धतीचंच घ्या.

खडे झालेली ती जुनी बाटली आम्ही टाकलेली नाही. तिच्यावर लाल शाईने "मोजणीसाठी नाही" असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय. जूनमध्ये नवी बॅच आली की त्यातली चिमूटभर पूड ६.५ च्या बफरमध्ये विरघळवून नळी सगळ्यांच्या हातात फिरवते आणि विचारते, स्वच्छ आहे का? सगळे हो म्हणतात. मग त्यात हायड्रॉक्साइडचे चार थेंब टाकते.